फागुनाच्या मागचा महिना

मुंबई, २६ मार्च १९५८

चैतराम भाऊजींना केशोरावचा नमस्कार.

गीताला इस्पितळात घेतलं, हे आधी सांगतो. तुमच्या माय काळजीत असतील, त्यांना पहिल्यांदा एवढंच वाचून दाखवा. गाडीत दोनदा ओकली. उजेड सोसत नव्हता, म्हणून माझ्या बायकोने, सुशिलाने, खिडकीला धोतर बांधलं. बाकी वाटभर माझ्या बहिणीने हूं की चूं केलं नाही.

तुम्ही सांगितलं तसंच मी डॉक्टरांना सांगितलं. लाखोळीचं पीक कापताना "डोकं फुटलं" म्हणून ओरडली, धानाच्या बांधीतच पडली आणि तेव्हापासून मान वाकत नाही. त्यांनी पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढलं. ते नितळ असायला हवं, लालसर निघालं. मोठे साहेब म्हणतात, मेंदूतली रक्ताची एक नस कुठेतरी फुग्यासारखी फुगली आहे आणि झिरपली आहे. एकदा थांबली, पण पुन्हा फुटली तर मग काही हातात राहत नाही. फुगा कुठे आहे ते कळलं तर त्याची वाट बंद करता येते.

आता ते कळायचं कसं? साध्या एक्सरेत हाडं दिसतात, नसा दिसत नाहीत. इथे नवीन पद्धत आहे. मानेतल्या मोठ्या नसेत सुई घालून औषध सोडतात आणि ते डोक्यात चढत असतानाच झपाझप फोटो काढतात. रक्त कुठून कुठे जातं, सगळं काचेवर उमटतं म्हणे. पण ज्या बाजूची मान टोचली त्याच बाजूच्या नसा दिसतात. अशक्त माणसाला दोन्हीकडून एकदम टोचत नाहीत. म्हणून डावी की उजवी, ते आधी ठरवायचं आहे. त्यासाठी हात-पाय, डोळे, बोलणं सगळं तपासणार आहेत.

तुम्ही आला नाहीत ते बरं केलंत. मायच्या कमरेचं हाड सांधेपर्यंत त्यांना सोडून कसे येणार? मी इथे आहे. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला फक्त संध्याकाळी सोडतात, पण मी गोदीतल्या कचेरीतून सुटलो की रोज जातो.

केशोराव


दवनीवाडा, ३१ मार्च १९५८

केशोराव जी, राम राम.

पत्र भेटलं. बकारामदादाले वाचून दाखवलं, मायले दोनदा वाचून दाखवलं. माय म्हणते, मानेत सुई घालतात त डोक्यात हवा नाही का जात? मी म्हटलं, तुह्या डोक्यात आधीचीच आहे, तुले काय झालं? काठी उचलली मारायले, पण कमरेनं उठू देलं नाही.

तुम्ही बरोबर लिहिलं, अना सगळं लिहिलं, उपकार आहेत. तुम्ही शिकले आहात, डाक्टरचं बोलणं तुमाले समजते. मी तिथं असतो त नुसता मान हलवत बसलो असतो.

इकडे मोहफुलं पडून राहिले. वेचाले माणूस नाही. प्रेमिला सकाळी टोपली घेऊन जाते, अर्धी भरून आणते. शाळेत जा म्हटलं त म्हणते, आई आल्यावर जाईन. भात मीच करतो. काल खाली लागला. पोट्टी म्हणाली, बाबा, जळका वास येऊन राहिला. मले आलाच नाही. गोंदियाच्या दाताच्या डाक्टरनं मागं हिरडीत सुई मारली होती, मग गालाले हात लावला त तो दुसऱ्याचाच गाल वाटे. तसं झालं आहे सगळं. लोक विचारतात, चैतराम, कसं आहे? मी म्हणतो, चांगलं आहे. कायचं चांगलं, मलेच माहीत नाही.

ती तिथं कोणाले "अवो" म्हणून हाक मारते? इथं दिवसातून पन्नासदा मारे. आता घरात कोणीच "अवो" म्हणत नाही.

मायनं इकडच्या प्रतापगडच्या महादेवाचा अंगारा देला, सोबत पुडी पाठवतो. डाक्टर लावू देत नसतील त उशीखाली ठेवजा. लवकर लिहा.

चैतराम


मुंबई, ५ एप्रिल १९५८

भाऊजी,

अंगारा उशीखाली ठेवला. गीताला पुडी दाखवली तर हातात घेऊन किती वेळ नुसती धरून होती.

डोकेदुखी कमी आहे. सुशिलाने केलेली पेज पिते. पण एक गोष्ट निघाली आहे, ती तुमच्यापासून लपवत नाही. काल लहान डॉक्टरने तिचं बोलणं तपासलं. तो मद्रासकडचा आहे, मोडक्या हिंदीत विचारतो. त्याने मला टिपण वाचून दाखवलं. कंगवा, किल्ली, तांब्या दाखवला तर तिने नावं बरोबर सांगितली. मुलीचं नाव सांगितलं. आणि मग घरच्या मोठ्या माणसांची विचारली, तर एकही येईना! सासऱ्याचं नाव, मोठ्या दिराचं नाव, काही नाही. तुमचं नाव विचारलं तर ओठ घट्ट मिटून खाली बघत बसली. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. शेवटी विचारलं, आता महिना कोणता चालू आहे? तर म्हणाली, "फागुनाच्या मागचा." नाव सांग म्हटलं, तरी तेच. "फागुनाच्या मागचा, वैशाखाच्या आधीचा."

मोठे साहेब म्हणाले, हीच ती खूण. माणसाला ओळख असते, अर्थ कळत असतो, पण नेमका शब्द सापडत नाही, म्हणून तो वळसा घालून सांगतो. बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तेव्हा फुगा डावीकडे आहे आणि तो त्या जागेवर दाब देतो आहे. इतके दिवस बाजू ठरत नव्हती, ती ठरली. बुधवारी सकाळी डाव्या मानेतून फोटो काढणार. कागदावर मी सही केली. धोका थोडा असतो, पण बाजू कळल्याशिवाय पुढे काही करता येत नाही.

भाऊजी, सख्ख्या नवऱ्याचं नाव विसरावं! मी तिला याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. उगाच तिला कशाला कळू द्यायचं, की आपलं डोकं चाललं? तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. फुगा निघाला की नाव आपोआप येईल.

केशोराव


गोंदिया, तारघर, ९ एप्रिल १९५८

केशोराव जी,

आत्ता तार केली. तारबाबू म्हणे, थोडक्यात सांगा, इंग्रजीत करतो. मी सांगितलं, "सुई थांबवा. बोलता येते." समजलं नाही समजलं तुमाले, म्हणून इथंच बाकावर बसून हे लिहून राहिलो. तुमचं पत्र आज सकाळी भेटलं अना मी तसाच सायकलीवर निघालो.

अहो, ती विसरली नाही! ती माझं नाव घेतच नाही!

लग्नाच्या वेळेस बायांनी दारात अडवलं होतं, नाव घे मंगच घरात ये. तुम्ही होते ना तिथं? उन्हात उभी राहिली, पण तोंड उघडलं नाही. शेवटी मायच म्हणाली, येऊ द्या पोरीले, भोवळ येईल. मी कितीदा चिडवलं, एकदा म्हण, कोणी नाही ऐकत. म्हणते, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होते. सासऱ्याचं घेत नाही, बकारामदादाचं घेत नाही. तो डाक्टर जेवढे नावं विचारत होता, तेवढे सगळे तिले न घेण्याचे.

अना महिना! माझं नाव चैतराम, मंग ती चैत कशी म्हणणार? आली तेव्हापासून नाही म्हणत. चैत लागला की आमच्या घरात "फागुनाच्या मागचा" लागते. माय हसते तिले. प्रेमिलाही लहानपणी तसंच म्हणे, शाळेत मास्तरनं कान धरला तेव्हा तिले खरं नाव कळलं.

तिचं बोलणं खडखडीत आहे, केशोराव! कायले डावीकडे टोचता? बाजू चुकून राहिली त्यांची. तुम्ही तिले विचारलं काऊन नाही? एकदा विचारलं असतं, काय गं, भाऊजीचं नाव आठवत नाही? तिनं पदर तोंडाले लावला असता अना हसली असती. मंग तुमाले कळलं असतं.

आज बुधवार आहे, मले माहीत आहे. तार लवकर जाते म्हणतात.

चैतराम


मुंबई, १२ एप्रिल १९५८

भाऊजी,

तुमची तार दुपारी आली. सकाळी सगळं झालं होतं.

मागून पत्रही मिळालं. आपल्याकडच्या बाया नाव घेत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण सुशिला मला चारचौघांत केशोराव म्हणते. इतकी वर्षं इथे काढली, मला ते आठवलंच नाही. आणि महिन्याचं तर डोक्यातच आलं नसतं. लहान डॉक्टरला तुमचं पत्र हिंदीत समजावून सांगितलं. त्याने आपलं टिपण काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "मेरी माँ भी नहीं लेती."

फोटो मात्र चांगले आले. खिडकीशी धरून मला दाखवले. मानेपासून एक जाड नस वर चढते आणि तिला फाटे फुटत जातात, तलावाच्या पाटाला फुटतात तसे. सगळे भरलेले, कुठेही फुगवटा नाही. डावी बाजू एकदम साफ आहे. एक फोटो तुमच्यासाठी मागून घेतला आहे.

औषध सोडलं तेव्हा तिचं अर्धं तोंड भाजल्यासारखं झालं असणार, सगळ्यांना होतं म्हणतात. तेव्हापासून जरा थकली आहे. फारशी बोलत नाही. उजवा हात थोडा जड वाटतो. विश्रांतीने सुधारेल, असं साहेबांचं मत आहे. तुम्ही घाई करून निघू नका.

केशोराव


दवनीवाडा, १७ एप्रिल १९५८

केशोराव जी,

फारशी बोलत नाही म्हणजे काय? किती बोलते? काय बोलते? तुम्ही नसांचे फाटे लिहिले, खिडकी लिहिली, तिचा एक शब्द लिहिला नाही. ती काही म्हणाली असती त तुम्ही लिहिलं असतं.

मायले बकारामदादाकडे ठेवून येऊन राहिलो. प्रेमिलाले सोबत आणत नाही.

चैतराम


मुंबई, ६ जुलै १९५८

भाऊजी,

तुम्ही गीताला घेऊन गेलात त्याला महिना होऊन गेला. पोचल्याचं पत्र नाही. ठेसनावर तुम्ही माझ्याशी शब्द बोलला नाहीत, ते मी समजू शकतो. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तुम्ही मला चहा पाजलात.

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं होतं. सुई लागताना नसेतून एखादा बारीक कण निघून वर जातो, तो अडकला की पुढचं रक्त बंद होतं. असं कधीमधी होतं, कोणाच्या हातात नसतं, असं म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. पण त्यांचं म्हणणं असं, की डावीकडे फुगा नाही, म्हणजे तो उजवीकडेच असणार. पावसाळा संपला की तिला परत आणावं, उजव्या मानेतून फोटो काढावा. फुगा तसाच राहिला तर केव्हाही फुटेल. किंवा फुटणारही नाही. तो पुन्हा फुटला तर मात्र जीव जाईल.

या वेळी सही तुमची लागेल. मी करणार नाही, मला ते जमणार नाही. काय ठरवता ते कळवा. माझी एकच विनंती आहे, माझ्यावरच्या रागाने ठरवू नका.

केशोराव


दवनीवाडा, १० ऑगस्ट १९५८

केशोराव जी, राम राम.

राग नाही. खरं सांगतो, शोधला, सापडला नाही. तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलं. डाक्टरनंही भल्यासाठीच केलं. तिनंही माझ्या भल्यासाठीच तोंड मिटलं. मंग रागवू कोणावर?

धानाचा रोवणा चालू आहे. पाणी चांगलं आहे. मी बांधीत वाकतो तेव्हा वाकतो, उठतो तेव्हा उठतो. ती बांधाच्या पाळीवर बसून पाहते. चालते आता, पाय ओढत. उजवा हात लोंबते. डाव्या हातानं जेवते, पहिल्यांदा माय बघून रडली, आता नाही रडत. समजते तिले सगळं. प्रेमिलाची वेणी घालता येत नाही त पोट्टीच्या केसावर नुसता हात फिरवत राहते. बोलत नाही. तोंड उघडते, जीभ हलवते, घामाघूम होते अना मंग हात झटकते.

तुम्ही देलेला नसांचा फोटो मी पेटीत ठेवला आहे. तिचा कधी फोटो काढला नव्हता. हाच एक. त्यात तोंड नाही दिसत.

दुसऱ्या बाजूचं. मी तिले विचारलं. तुम्ही नव्हतं विचारलं, म्हणून मी विचारलं. समोर बसवून सगळं सांगितलं, फुगा तिकडे असंल, फुटला त मरशील, सुई लावली त वाचशील, नाहीत सुईनंच उरलंसुरलं जाईल. तिनं ऐकून घेतलं. मंग डावा हात स्वतःच्या उजव्या मानेवर ठेवला अना ठेवूनच बसली. काढीना. मी म्हटलं, समजलं. नाही जायचं.

तर नाही आणत. साहेबांना सांगजा.

चैतराम


मुंबई, २ एप्रिल १९५९

भाऊजी,

दिवाळी गेली, संक्रांत गेली, तुमचं पत्र नाही. गावाकडचं पाकीट दिसलं की वाईट बातमी असेल म्हणून आधी हाताने चाचपतो, मग उघडतो. बहीण आहे ना, एवढं तरी एका कार्डावर लिहा. सुशिलाने प्रेमिलासाठी कापड पाठवलं आहे. त्या लहान डॉक्टरची बदली झाली. जाण्याआधी घर शोधत आला होता, गीताची विचारपूस करायला. त्याला काय सांगू, मला माहीत नव्हतं.

केशोराव


दवनीवाडा, १२ एप्रिल १९५९

केशोराव जी, राम राम.

आहे. चांगली आहे. कापड भेटलं, पोट्टी शाळेत घालून गेली. लिहिलं नाही, कारण लिहाजोगं काही नव्हतं. आता आहे.

मंगळवारी मोहफुलं वेचाले गेलो होतो. गीता सोबत येते, डाव्या हातानं वेचते. आजूबाजूले गावातल्या पाच-सात बाया होत्या, आमची वहिनी होती. मी दुसऱ्या झाडाखाली होतो. मागून हाक आली, "चैत!"

मले वाटलं, बकारामदादा आला. तोच म्हणते तसं. वळून पाहिलं त सगळ्या बाया वेचता वेचता थांबून गेल्या होत्या, वहिनीनं तोंडावर पदर धरला होता अना सगळ्या गीताकडे बघून राहिल्या होत्या. गीताचं तोंड उघडंच होतं. पुन्हा म्हणाली, "चैत. चैतराम."

मी धावलो. कसा धावलो ते मलेच माहीत नाही, टोपली लाथाडली, सगळे फुलं सांडले. मले वाटलं, आली वाचा! मी म्हटलं, हाव, बोल, काय म्हणतेस? तिनं शेळीकडे बोट केलं, शेळी आमच्या ढिगात तोंड घालून होती. म्हणाली, "चैतराम." मंग स्वतःचं स्वतःले ऐकू आलं बहुतेक. डाव्या हातानं तोंड दाबलं अना रडाले लागली. हात काढला की तेच निघे. दुसरं काही म्हणाले जाई अना तेच निघे. तिचा जीव घाबरला, की मी आता मरतो.

तेव्हापासून हेच आहे. पाणी पाहिजे त चैतराम. कोंबडी हाकलाची त चैतराम. प्रेमिलाले हाक मारते, चैतराम. एवढा एकच शब्द उरला आहे तिच्याजवळ, केशोराव. जो तिनं जन्मभर कुलूप लावून ठेवला, तोच तेवढा वाचला, बाकी सगळे गेले.

पहिले दोन दिवस तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबून ठेवला. जेवण नाही, पाणी नाही. माझं आयुष्य वाचवून राहिली होती. शेवटी माय काठी टेकत आली. तिच्या तोंडातून पदर ओढून काढला अना म्हणाली, "म्हण माय, म्हण. मी त्याची आई आहे, त्याचं आयुष्य मी पाहून घेईन. तू म्हण." तेव्हा कुठं पाणी प्याली.

आता घरात सगळ्याले सवय होऊन राहिली. आवाजावरून समजते, पाणी की शेळी की पोट्टी. प्रेमिला अना मी दोघंही "हाव" म्हणतो, मंग ज्याचं काम त्यानं उठायचं. लोक विचारतात, बायको नावानं हाक मारते, कसं वाटते? पहिले दोन वर्षं लग्नाचे मी रोज मागं लागलो होतो, एकदा म्हण, एकदा म्हण. आता दिवसभर ऐकतो. काही वाटत नाही. फक्त काल भात लागला त वास आला. तेवढा आला.

उजवीकडे फुगा आहे का नाही, कोणाले माहीत. आम्ही झोपतो, उठतो.

त्या लहान डाक्टरचा पत्ता असंल त त्याले एक कार्ड टाकजा. त्याच्यावर माझा राग नाही, चांगला पोट्टा होता. त्याले एवढंच लिहा, चैत लागला आहे. आता येऊन विचार म्हणा तिले, महिना कोणता, नवऱ्याचं नाव काय. दोन्ही बरोबर सांगते.

तुमचा,
चैतराम